दुसऱ्याच्या ठोकळ्यावरची पगडी

या गोष्टीचा शेवट जो आधी ओळखेल त्याला माझी अर्धी मिशी देईन. अर्धीच. सगळी दिली तर मला घरात घेणार न्हाईत. तुम्ही चार बुकं शिकलेली माणसं, मला सही करायची म्हटलं तरी घाम फुटतो, तेव्हा बिनधास्त ओळखा. गोष्ट एका माणसाची हाय. मोठी नोकरी मिळावी म्हणून त्यानं डोक्यावर दुसऱ्याचं चढवलं. झालं, ओळखलात? "बिंग फुटलं आन् राजानं हाकलून दिलं." हेच ना? बरं. मनात धरून ठेवा. मिशी कुणाची जाते ते शेवटी बघू.

तर फार मागं, डोंगराच्या पायथ्याला एक राज्य होतं. केवढं? सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेला शीव ओलांडेल, एवढं. पण राजाचं तळं मोठं. तळ्यातनं पाट निघायचा, पाटाला जागोजागी लाकडी दारं, आन् कुठलं दार कधी उघडायचं ते ठरवायचा पाण्याचा कारभारी. राजा नुसता गादीवर बसायचा. खरं राज्य कारभाऱ्याचं.

पाटाच्या पार टोकाला एक वाडी होती. शेपटाची वाडी म्हणायचे तिला. वरच्या गावांचं भागून उरलं तर पाणी वाडीला, आन् उरायचं कधीच न्हाई. त्या वाडीत रखमाजी नावाचा पाटकरी राहायचा. पाटकरी म्हंजे पाटातला गाळ उपसायचा, दारं उचलायची, दिवसभर मांडीएवढ्या चिखलात उभं राहायचं. डोक्याला मुंडासं. त्या मुंडाशाचा मूळचा रंग कुठला, ते त्याच्या बायकोला सुद्धा आठवत नव्हतं.

पण रखमाजीला एक विद्या होती. जमिनीला कान लावून तो सांगायचा, पाणी कुठं हाय, किती खोल हाय, कुठल्या अंगाला चाललंय. लोक हसायचे, मग तो सांगेल तिथं खणायचे, आन् मग हसायचे न्हाईत. त्याच कानानं त्याला एक गोष्ट कळली होती. तळ्याच्या पूर्वेच्या दाराखाली मोठं भगदाड पडलं होतं. वरनं काही दिसत नव्हतं, पण निम्मं पाणी तिथनं गुपचूप डोंगराच्या पोटात जात होतं. ते बुजवलं तर शेपटाच्या वाडीला बारमाही पाणी.

हे सांगायला रखमाजी सात वेळा जुन्या कारभाऱ्याकडं गेला. जुना कारभारी तपकिरीची चिमूट नाकात कोंबायचा, मान वर न करता दोनच शब्द बोलायचा.

"उद्या बघू."

सात वेळा गेला, सातही वेळा तेच. आन् मग एक दिवस तो कारभारी स्वतःच पूर्वेच्या दारावर उभा असताना पाय घसरून तळ्यात पडला. पट्टीचे पोहणारे उतरले, गळ टाकले, चार दिवस पाणी ढवळलं. देह काही हाताला लागला न्हाई. गावाला कळेना, एवढा मोठा माणूस गेला कुठं. रखमाजीला कळत होतं. पण त्याला विचारतो कोण?

पुढं दिवाणजींनी दवंडी पिटवली. पौर्णिमेला नवा कारभारी नेमणार, ज्याला पाणी कळतं त्यानं नाव द्यावं. रखमाजीच्या मनात आलं, आपण कारभारी झालो तर पहिल्या दिवशी ते भगदाड बुजवू. बस्स, दुसरं काही नको. तो तसाच पाटातनं उठला आन् कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला. पायाला गाळ, डोक्याला ते मुंडासं.

आता त्या राज्यात माणूस भेटला की तोंड नंतर बघायचे, आधी डोकं बघायचे. पगडीच्या घडीवरनं कळायचं हा वैद्य, हा सावकार, हा दिवाणजींचा कारकून. पहारेकऱ्यानं रखमाजीच्या डोक्याकडं बघितलं आन् म्हणला, "गाळ मागच्या दारानं न्यायचा."

"मी नाव द्यायला आलोय."

"नाव द्यायला डोकं लागतं, पाटकरी. हे काय आणलंस, पोतेरं?"

ओळीतले बाकीचे खो खो हसले. रखमाजी परत फिरला.

घरी बायको, भागा तिचं नाव, तिनं सगळं ऐकून घेतलं आन् नवऱ्यालाच झापलं. म्हणली, तो हसला त्यात त्याची काय चूक. चिखलाचा गोळा डोक्यावर ठेवून देवळात तरी जातं का कुणी? मोठ्या कामाला जायचं तर नीट होऊन जावं. मग तिनं पेटीच्या तळातनं लग्नातलं मुंडासं काढलं. रिठ्यात तीन वेळा धुतलं, भाताच्या पेजेत बुडवलं, धोंड्यावर ताणून वाळवलं. बगळ्याच्या पंखासारखं पांढरं निघालं. त्यांची लेक येसू, सहा वर्षांची, त्याच्यावर गाल ठेवून म्हणली, बा, हे बांधलं की तू नवरदेव दिसशील.

"हे बांधून जावा धनी," भागा म्हणली. "मान सरळ ठेवा. पाण्याचं जे कळतं ते सांगा."

रखमाजीनं मुंडाशाकडं बघितलं. पण त्याच्या कानात अजून ते हसणंच वाजत होतं. म्हणला, "धुतलं तरी मुंडासंच. पगडी नसताना त्या दारातनं कुणी आत गेलेलं बघितलंयस?"

आन् गेला तो पगडबंदाकडं.

पगडबंद लई म्हातारा होता. डोळ्यांत फूल पडून दोन्ही डोळे पांढरे झालेले. सगळं काम बोटांनी करायचा. त्याच्या दुकानात भिंतीला फळ्या, आन् फळ्यांवर ओळीनं लाकडी डोकी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घेऊन तो तसाच ठोकळा कोरायचा. कपाळापर्यंतच. नाक, डोळे, कान काही न्हाई. त्या ठोकळ्यावर पगडी बांधायची, टाके घालायचे, मग ती माणसाला द्यायची. ठोकळा दुकानातच राहायचा. माणूस मेला की घरचे येऊन ठोकळा घेऊन जायचे आन् त्याच्या सरणावर ठेवायचे. अशी तिथली रीत. डोकं गेलं की डोक्याचं मापही गेलं पाहिजे. मागं ठेवायचं न्हाई.

म्हाताऱ्यानं रखमाजीच्या डोक्यावरनं सुतळी फिरवली, गाठ मारली. बोटं कानाशी आली तशी थांबली.

"कान चांगले हायत तुझे," म्हणला. "तुझा ठोकळा आज कोरतो. लाकूड वाळायला एक महिना. ओल्या लाकडावर बांधलेली पगडी डोकं धरते, सोडत न्हाई. महिन्यानं ये."

रखमाजी म्हणला, पौर्णिमा चार दिवसांवर आलीय.

"मग स्वच्छ मुंडासं बांधून जा. आपल्या डोक्यावर आपलं बसलं की माणूस वाईट दिसत न्हाई."

रखमाजीचं लक्षच नव्हतं. तो फळीच्या कोपऱ्याकडं बघत होता. तिथं एक ठोकळा सगळ्यांपासनं लांब ठेवला होता. भला थोरला. आन् भर उन्हाळ्यात त्याच्यावरनं पाणी ओघळत होतं. खाली फळीवर काळा डाग पडला होता.

"हा कुणाचा, आबा?"

म्हाताऱ्यानं फडकं घेऊन तो ठोकळा पुसला. मग म्हणला, जुन्या कारभाऱ्याचा. देह मिळाला न्हाई, सरण रचलं न्हाई, ठोकळा न्यायला कुणी आलं न्हाई. रोज पुसतो, रोज ओला होतो.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? पळाला असता. आन् रखमाजीसारखं तुम्हालाही चारचौघांत हसले असते, तर? तेही सांगा. रखमाजी म्हणला, "याच्यावर बांधा माझी पगडी."

म्हाताऱ्याचा हात सुतळीवरच राहिला. त्या धंद्यात एक नेम होता. गिऱ्हाइकानं तीन वेळा 'बांधा' म्हटलं की पगडबंदाला न्हाई म्हणता येत न्हाई. तेव्हा त्यानं तीन वेळा विचारलं.

"हा तुझ्या मापाचा न्हाई. कानावर उतरेल. बांधू?"

"बांधा. नोकरीला कान कुठं लागतात?"

"डोकं त्याचं, घडी त्याची, मग आत बसणार ते कोण, याचा विचार केलास? बांधू?"

"बांधा."

"तुझं चांगलं मुंडासं घरी वाट बघतंय. अजून सांगतो. बांधू?"

रखमाजी चिडून म्हणला, बांधा एकदाची.

म्हाताऱ्यानं बांधली. पण देताना एक अट घातली. "ही कचेरीत घाल, बाजारात घाल. आपल्या घराचा उंबरा हिच्यासकट ओलांडू नको. दारात उतरव. घरात गेलेल्या डोक्याला आपण कोण ते आठवलं पाहिजे."

पौर्णिमेला रखमाजी नदीवर न्हाला, नवं धोतर नेसला, पगडी चढवली. वजन भारी. आतनं गार, भिजल्यासारखी. कानावर बसली तसा बाहेरचा आवाज एकदम लांब गेला, विहिरीत बसून ऐकावं तसा. आन् नाकात तपकिरीचा वास आला. त्यानं जन्मात तपकीर ओढली नव्हती.

कचेरीच्या दारात तोच पहारेकरी. त्यानं डोकं बघितलं आन् त्याचा चेहराच उतरला. भाला बाजूला झाला. हसला न्हाई, काही विचारलं न्हाई. भिंतीला चिकटून हळूच म्हणला, "या, कारभारी."

आत दिवाणजी बसले होते. रखमाजीनं उत्तर पाठ करून आणलं होतं. तळ्यात पाणी किती, पूर्वेच्या दाराखाली काय झालंय, किती दगड लागतील, किती चुना लागेल. दिवाणजींनी पगडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुढ्यातला कागद उलटा करून ठेवला आन् म्हणले, "तुम्हाला काय विचारायचं? बसा तुमच्या जागेवर."

एक प्रश्न विचारला न्हाई. उत्तर रखमाजीच्या तोंडातच राहिलं. तोंडात राहिलेलं उत्तर लई दिवस टिकत न्हाई, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

झाला कारभारी. संध्याकाळी घराकडं निघाला तर वाडीतली माणसं वाकून रामराम करायला लागली. काल हाका मारणारी माणसं. पावलं कशी जमिनीवर न्हाईतच. दारात आला. म्हाताऱ्याची अट आठवली, न्हाई असं न्हाई. पण भागाला दाखवायची होती ना. धुतलेलं मुंडासं घाला म्हणत होती, आता बघ म्हणावं. एकदाच, मनाशी म्हणला. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, मग दुसरा.

येसू चुलीपाशी खेळत होती. तिनं वर बघितलं, उठली आन् आईच्या पदराआड गेली.

"आई," म्हणली, "कुणी पाहुणे आलेत."

भागा हसली. अगं, तुझा बा हाय. पण हसता हसता तिनं खाली बघितलं. सारवलेल्या जमिनीवर, दारापासनं आतपर्यंत, ओल्या पावलांचे ठसे उठले होते. बाहेर तर धुरळा उडत होता.

त्या रात्री पगडी निघेना. ओढली, तेल लावलं, टाके उसवून बघितले. निघेना. रखमाजी म्हणला, असू दे, सकाळी बघू. भागाला ते ऐकून कसंसंच झालं. का, ते तिचं तिला कळलं न्हाई.

पुढं कचेरीतली माणसं आपसात कुजबुजायला लागली. नव्या कारभाऱ्याला आधी अंगठा उठवायला लागायचा, आता तो सही करतो. सही जुन्या कारभाऱ्याची. जुना डावा पाय किंचित ओढत चालायचा, हाही ओढतो. खुर्चीखाली सकाळ संध्याकाळ पाण्याचं थारोळं. शिपाई पुसतो, पुन्हा साचतं. पण काम बघाल तर चोख. वरची गावं खूश. दिवाणजी खूश. राजानं शेला दिला, घोडा दिला. माणूस नुसता वर वर चाललेला. शेपटाच्या वाडीनं गूळ वाटला. आपला माणूस बसलाय, आता पाणी येणार.

पहिल्या महिन्यात आलं न्हाई. लोक म्हणले, नवीन हाय, जम बसू दे.

दुसऱ्या महिन्यात भागानं जेवायला वाढताना विचारलं, पूर्वेच्या दाराचं कधी काढताय? रखमाजी घास हातात धरून थांबला. कपाळाला आठ्या. "पूर्वेच्या दाराला काय झालंय?" म्हणला.

भागानं सांगितलं, तुम्हीच सांगत होता की. भगदाड. तुमच्या कानानं ऐकलंत. मग ती त्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेली, म्हणली, लावा कान जमिनीला. तो वाकला. पगडीची कड जमिनीला टेकली. कान कुठला टेकतोय? तो तसाच वाकून राहिला बिचारा, कितीतरी वेळ, पडलेली वस्तू शोधावी तसा. मग उठला, धोतर झटकलं.

"काही ऐकू येत न्हाई," म्हणला. त्या दिवशी त्याचा आवाज त्याचा होता. भागा पुढं सांगायची, तो शेवटचा.

इकडं पगडबंदाच्या दुकानात दुसरंच चाललं होतं. माप घेतलं की ठोकळा कोरायचाच, म्हणून म्हाताऱ्यानं रखमाजीचा ठोकळा कोरला होता. नेहमीसारखा, कपाळापर्यंत. उन्हात वाळत ठेवला होता. एक दिवस हात फिरवून बघितला, तर कपाळाखाली बोटाला भुवया लागल्या. म्हाताऱ्याला वाटलं, वय झालं, हात चुकला. चार दिवसांनी नाक लागलं. मग गालाची हाडं. डाव्या गालावर देवीचा व्रण. मग एका सकाळी दोन्ही बाजूंना कान लागले. चांगले कान. म्हाताऱ्यानं ते बोटांनी ओळखले.

त्यानं हत्यारं खाली ठेवली आन् भागाला बोलावणं धाडलं.

भागा येसूला घेऊन आली. दारातनंच येसू ओरडली, "बा!" आन् पळत जाऊन तिनं ठोकळ्याला मिठी मारली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भागा खांबाला धरून खाली बसली.

"तोंड अजून व्हायचंय," म्हातारा म्हणला. "ओठ आले की संपलं. लाकूड वाळलंय, पगडी मी बांधून ठेवलीय, त्याच्या मापाची, साधी. त्याच्या समोर जा. त्यानं स्वतःच्या हातानं ती काढली आन् ही घेतली, तर परत येईल. तुम्ही ओढून न्हाई निघायची. त्यानं बांधा म्हटलं, त्यानंच काढतो म्हटलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेपटाची वाडी कचेरीत गेली. पुढं भागा, तिच्या हातात नवी पगडी. मागं येसू, दोन्ही हातांनी बापाचं लाकडी डोकं कवटाळलेली. त्या मागं अख्खी वाडी, रिकाम्या घागरी घेऊन. पहारेकऱ्यानं अडवलं न्हाई. डोकं बघितलं त्यानं, येसूच्या हातातलं, आन् तोंड फिरवलं.

कारभारी खुर्चीवर बसले होते. हातात तपकिरीची डबी. मान खाली. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, पाट कोरडा पडलाय, विहिरी आटल्यात, गुरं दाव्याला मेली. तू आमचा हायस, आमच्यात वाढलायस. ते दार बांधून काढ.

कारभाऱ्यानं मान वर केली न्हाई.

मग भागा पुढं झाली. सगळ्या कचेरीदेखत. म्हणली, "धनी, तुमच्या मापाची आणलीय. ती काढा, ही घाला. नोकरी राहू दे, न राहू दे."

कारभाऱ्याचे हात हलले. डबी खाली पडली. हात वर गेले, हळूहळू, पगडीच्या कडेपर्यंत गेले. बोटं आत शिरली, कानाला लागली. येसूच्या हातातल्या लाकडी डोक्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, शिपायानं बघितलंय. एवढ्यात बाहेर भालदारानं ललकारी दिली. राजाचा माणूस आला होता. दसऱ्याला कारभाऱ्यांना दिवाणजींच्या शेजारची जागा, असा सांगावा घेऊन.

बोटं तिथंच थांबली. डोकं उघडं टाकून राजाच्या माणसासमोर कसं बसायचं? मग ती बोटं पगडीवरनं फिरली, घडी सारखी केली आन् खाली आली.

"उद्या बघू," कारभारी म्हणले.

टक्, असा बारीक आवाज झाला. येसूनं खाली बघितलं. लाकडाला ओठ आले होते. मिटलेले.

तिनं ते डोकं कारभाऱ्यांच्या पायाशी नेऊन ठेवलं. तिला वाटलं असेल, बघितल्यावर कळेल. कारभारी वाकले, त्यांनी निरखून बघितलं, पार जवळनं. मग शेजारच्या कारकुनाला विचारलं, "हे कुणाचं डोकं? कुठंतरी बघितल्यासारखं वाटतं."

भागानं लेकीला उठवलं, डोकं तिच्या हातात दिलं, आन् सगळी माणसं आली तशी परत गेली.

आठ दिवसांत वाडी उठली. गाड्या भरल्या आन् निघाली डोंगराच्या पलीकडं. येसू गाडीत, मांडीवर बापाचं डोकं. त्याला भागानं ते लग्नातलं मुंडासं बांधलं होतं, पेजेतलं, बगळ्यासारखं पांढरं. नीट बसलं, कानाच्या वर. तिसऱ्या मुक्कामाला एका उजाड माळावर येसूनं डोकं आडवं ठेवलं, दमलं असेल म्हणून. कान जमिनीला टेकला. सकाळी बघतात तर तो कान ओला, दवात भिजावा तसा. एक म्हातारा म्हणला, खणा. खणलं. दोन पुरुष खोलीवर पाणी, गोड. तिथं नवी वाडी बसली. विहिरीला कधी तळ दिसला न्हाई.

आता सांगा, काय म्हणला होतात? बिंग फुटलं, हाकलून दिलं? कुठं काय! कुणी हाकललं न्हाई. नोकरी टिकली, वाढली. दिवाणजींच्या शेजारची जागा मिळाली, पुढं दिवाणजींचीच मिळाली. पूर्वेचं दार मात्र अजून गळतंय. माझी मिशी माझ्याजवळ.

बरं, शेवटाला उपदेश केल्याशिवाय तुम्ही उठू देणार न्हाई, तर हा घ्या. तात्पर्य एवढंच: मोठ्या कामाला जायचं तर धुऊन पुसून, नीटनेटकं होऊनच जावं, पोतेऱ्याला कुणी दार उघडत न्हाई. भागाचं काही चुकलं नव्हतं. पण माप आपल्या डोक्याचं घ्यावं, आन् ज्या गुणाच्या जोरावर आत जायचं तो गुण झाकेल असं काही घालू नये.

अरे, उठताय कुठं? बसा. किंमत सांगायची राहिलीच की.

बारा वर्षांनी येसूचं लग्न निघालं. नव्या वाडीनं रीतीप्रमाणे चार राज्यांतल्या मोठ्या माणसांना अक्षता धाडल्या, त्यात दिवाणजींनाही गेल्या. ते आले. घोड्यावरनं, भारी शेला, तीच पगडी. मांडवात पहिल्या ओळीत बसले. जिथं बसले तिथली सतरंजी भिजली, पण मोठ्या माणसाला कोण बोलणार. भागानं त्यांना पान दिलं, वाकून रामराम केला, इतर पाहुण्यांना केला तसाच.

कन्यादानाची वेळ झाली. भटजींनी मुलीच्या बापाला बोलावलं. भागानं देव्हाऱ्याजवळचं लाकडी डोकं आणलं, पांढरं मुंडासं नीट केलं आन् पाटावर ठेवलं. स्वतः शेजारच्या पाटावर बसली. येसूनं वाकून त्या लाकडाच्या कपाळाला कपाळ लावलं. मांडवात कुणाचे डोळे कोरडे राहिले न्हाईत.

दिवाणजींनी आहेर केला. चांगला भरजरी शालू. मग शेजारच्या माणसाकडं वाकून त्यांनी हळूच विचारलं, "एवढी गुणाची पोर, आन् हिचा बाप कुठं दिसत न्हाई?"

शेजारच्यानं पाटाकडं बोट केलं. दिवाणजींनी तिकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग खिशातनं डबी काढली, तपकिरीची चिमूट ओढली, आन् जेवायच्या पंगतीला जाऊन बसले.